घरातील उंदरांचा प्रतिबंध

घरातील उंदरांचा प्रतिबंध म्हणजे उंदीर, घूस आणि तत्सम कृंतक प्राण्यांना राहत्या घरात शिरू न देणे, शिरलेच तर तेथे टिकू न देणे, आणि त्यांच्यापासून अन्न, वस्तू व आरोग्य यांचे रक्षण करणे. प्रवेशाचे मार्ग बंद करणे, अन्न-पाणी व आसरा तोडणे आणि आत असलेले प्राणी पकडणे किंवा मारणे असे त्याचे तीन भाग पडतात. सर्वसाधारण समजुतीत तिसऱ्या भागालाच महत्त्व दिले जाते. पहिल्या दोन भागांची जोड नसेल तर त्याचा परिणाम मात्र काही महिन्यांपुरताच राहतो, असा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. या अनुभवाचा बराचसा भाग मुंबई आणि महाराष्ट्रातील प्लेगच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

घरात आढळणाऱ्या जाती

महाराष्ट्रातील घरांत प्रामुख्याने तीन-चार जातींचे कृंतक आढळतात. काळा उंदीर, शास्त्रीय नाव रॅटस रॅटस, हा चढण्यात तरबेज असतो. कौलांखाली, माळ्यावर, वाशांवर आणि नारळाच्या शेंड्यात तो राहतो. छोटा घरउंदीर, म्हणजे मस मस्क्युलस, हा कपाट, खोका, गादी किंवा शीतकपाटाच्या मागील पोकळी एवढ्या जागेतही घर करतो. घूस आकाराने मोठी असून जमिनीत बिळे करते. पाया, मोरी, गटार आणि अंगण ही तिची क्षेत्रे. मुंबई, कोलकाता यांसारख्या शहरांतील धान्याच्या गोदामांत घुशीची लहान जात, बँडिकोटा बेंगालेन्सिस, मोठ्या प्रमाणावर आढळते. बंदरांच्या शहरांत यांच्या जोडीला तपकिरी उंदीरही असतो. तो उत्तम पोहतो आणि सांडपाण्याच्या नळांतून ये-जा करतो.

चिचुंद्रीला अनेकदा उंदीर समजून मारले जाते. ती कृंतक नाही. लांबट टोकदार नाक, बारीक डोळे आणि उग्र वास यांवरून ती ओळखता येते. तिचा आहार झुरळे व इतर कीटक यांचा असल्याने घराला तिचा उपद्रव थोडा आणि उपयोग बराच असतो.

जात ओळखण्याला व्यवहारात महत्त्व आहे. जमिनीतून येणाऱ्या घुशीसाठी छताच्या फटी बुजवून उपयोग नाही आणि विजेच्या तारेवरून छपरावर उतरणाऱ्या काळ्या उंदरासाठी मोरीची जाळी बदलून काही साधत नाही. प्रत्यक्ष प्राणी क्वचितच दिसतो, म्हणून खुणांवरून निदान करावे लागते. घरउंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांबीच्या, तर मोठ्या उंदराच्या साधारण १२ मिलिमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. उंदीर रोज त्याच वाटेने, भिंतीच्या कडेने जातो. त्याच्या अंगावरील तेलकटपणामुळे त्या वाटेवर काळसर पट्टा उमटतो. हा पट्टा जेथे संपतो तेथेच बहुधा प्रवेशाची फट सापडते.

शरीररचना व सवयी

कृंतकांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्यांना सतत कुरतडावे लागते. त्यामुळे भूक नसतानाही ते लाकूड, प्लॅस्टिक, शिसे, ॲल्युमिनियम, कच्चा चुना आणि विजेच्या तारांवरील वेष्टन कुरतडतात. पुरेशा जाडीचे पोलाद आणि टणक काँक्रीट मात्र त्यांना सहसा दाद देत नाही. डोके जाईल तेथून अंग जाते, या नियमाने घरउंदराला सुमारे ६ मिलिमीटरची आणि वाढत्या वयाच्या मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटरची फट पुरते. शिसपेन्सिल आत जाईल एवढी फट घरउंदराला दारासारखी असते, असे सांगितले जाते ते यामुळेच.

घरउंदराची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची असते. एका विणीत सरासरी पाच-सहा पिल्ले होतात आणि ती साधारण सहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. काळ्या उंदराची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते. या वेगामुळे, घरातील निम्मे उंदीर मारले तरी अन्न व आसरा तसाच राहिल्यास उरलेल्यांची संख्या थोड्याच काळात भरून निघते. किंबहुना स्पर्धा कमी झाल्याने उरलेल्यांची पिल्ले जगण्याचे प्रमाण वाढते.

मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. नवा सापळा किंवा नव्या जागी ठेवलेले खाद्य ते कित्येक दिवस टाळतात. घरउंदीर याउलट चौकस असतो आणि नव्या वस्तूची लगेच पाहणी करतो. तपकिरी उंदराला रोज पाणी लागते. घरउंदीर मात्र धान्यातील ओलाव्यावर दीर्घकाळ तग धरू शकतो. म्हणून ‘पाणी तोडले की उंदीर जातात’ हे विधान सर्व जातींना लागू पडत नाही.

आरोग्यास धोका

उंदीर खातो त्यापेक्षा कितीतरी अधिक अन्न तो मलमूत्र व केस यांनी दूषित करतो. दूषित अन्नातून साल्मोनेला गटातील जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणपट्टीत, सर्वांत मोठा धोका लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा आहे. त्याचे जिवाणू उंदराच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात मिसळतात आणि माणसाच्या त्वचेवरील जखमा, भेगा किंवा डोळे-नाक-तोंडाच्या आतील अस्तरातून शरीरात शिरतात. गुरे व कुत्री यांच्याकडूनही हा रोग पसरू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आलेल्या महापुरानंतर या रोगाचा मोठा उद्रेक झाला होता. पुराच्या पाण्यातून चालून आल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात; उशीर झाल्यास मूत्रपिंडे, यकृत किंवा फुप्फुसे निकामी होऊ शकतात.

प्लेग हा उंदरांशी जोडलेला सर्वांत भयंकर रोग. तो उंदराकडून थेट न येता बहुतेक वेळा त्याच्या अंगावरील पिसवांमार्फत येतो. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते, पिसवा ते सोडतात आणि जवळ जो उबदार प्राणी सापडेल त्याच्याकडे वळतात. यामुळे प्लेगच्या साथीत उंदरांना मारण्यापूर्वी पिसवांचा नाश करणे अत्यावश्यक ठरते. क्रम उलटा झाल्यास संसर्ग माणसांत अधिक पसरतो.

इतिहास

मुंबईतील प्लेग आणि परळचे प्रयोग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. हे निदान मूळ गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा भाग होता आणि माणसे आजारी पडण्याआधी तेथे उंदीर मरत असल्याचे दिसून आले होते. साथ लवकरच पुण्यात व राज्यभर पसरली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. पुढील दोन-तीन दशकांत भारतात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द त्या काळी महाराष्ट्रातील खेड्यांत गाव सोडण्याची सूचना समजले जात. लोक घरे रिकामी करून शेतात झोपड्या बांधून राहत आणि साथ ओसरल्यावर परत येत. कारण ठाऊक नसतानाही हा उपाय योग्य होता, कारण माणूस त्यामुळे उंदरांपासून व त्यांच्या पिसवांपासून दूर जात असे.

पिसू हा दुवा फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवला, परंतु तो सर्वमान्य होण्यास काही वर्षे गेली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळ येथे केलेल्या प्रयोगांनी तो निर्विवाद ठरवला. घराची बांधणी व उंदीर यांच्या संबंधाच्या दृष्टीने या प्रयोगांतील एक भाग फार बोलका आहे. आयोगाने सहा झोपड्या बांधल्या. त्यांत फरक होता तो फक्त छपराचा. दोन झोपड्यांवर साधी देशी कौले घातली, त्यांत उंदीर सहज राहतात. दोहोंवर चपटी कौले होती, त्यांत उंदीर राहतात पण तितक्या मोकळेपणाने नाही. उरलेल्या दोन झोपड्यांना पन्हळी पत्र्याचे छप्पर होते. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणली होती, जेणेकरून उंदीर किंवा त्यांची विष्ठा खाली पडू नये, पिसू मात्र पडावी. जमिनीवर निरोगी व प्लेगग्रस्त गिनीपिग एकत्र ठेवले. जेथे पिसवा पोहोचल्या तेथे निरोगी गिनीपिगांना प्लेग झाला. आयोगाला सिद्ध करायचा होता तो पिसवांचा भाग. पण छपराच्या प्रकारावर घरातील उंदरांची संख्या अवलंबून असते, हेही या मांडणीत गृहीत धरलेले होते.

परळच्या या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये, प्लेगची लस मुंबईतच तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

जावा आणि हनोई

घरबांधणी बदलून प्लेग रोखण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न डच अमलाखालील जावा बेटावर झाला. १९११ मध्ये मलांग भागात साथ आल्यावर तेथील घरांच्या छपरांतील व भिंतींतील बांबूच्या पोकळ्यांत उंदरांची घरटी आढळली. त्यानंतरच्या तीन दशकांत दहा लाखांहून अधिक घरे दुरुस्त किंवा नव्याने बांधण्यात आली. बांबूची उघडी टोके बंद करणे, त्याजागी लाकूड वापरणे आणि गवताऐवजी कौले घालणे हे त्यातील मुख्य बदल होते. परळच्या झोपड्यांत देशी कौले उंदरांना सोयीची ठरली होती, तर जावात कौले हाच उपाय मानला गेला. प्रश्न साहित्याच्या नावाचा नसून त्यात पोकळी राहते की नाही याचा आहे. या मोहिमेचा खर्च घरमालकांवर लादला गेला आणि सक्तीही झाली, ही तिची दुसरी बाजू आहे.

केवळ मारण्यावर भर दिल्याने काय होते याचे उदाहरण हनोईत मिळते. १९०२ मध्ये फ्रेंच प्रशासनाने प्रत्येक उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले. थोड्याच दिवसांत शहरात शेपूट नसलेले जिवंत उंदीर दिसू लागले आणि शहराबाहेर बक्षिसासाठी उंदीर पाळले जात असल्याचे उघड झाले. योजना बंद करावी लागली.

बाल्टिमोर

मारणे व परिसर सुधारणे यांची तुलना पद्धतशीरपणे झाली ती १९४० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधक डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की वस्तीतील उंदीर पकडून काढल्यावर त्यांची संख्या पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. कचरा, मोडकी कुंपणे आणि घरांची दुरवस्था सुधारल्यावर मात्र ती पातळीच खाली येते. उंदरांची संख्या मारणाऱ्यांच्या मेहनतीपेक्षा परिसराच्या धारणक्षमतेवर ठरते, या आजच्या मान्य तत्त्वाचा पाया येथे घातला गेला.

१९९४ : बीड आणि सुरत

ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. मामल्याच्या साथीचा संबंध आदल्या वर्षीच्या, ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाशी जोडला गेला. भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, साठवलेले धान्य बंद घरांत तसेच राहिले आणि तेथे उंदीर वाढले, असे हे स्पष्टीकरण आहे. सुरतेच्या साथीनंतर तेथील महापालिकेने कचरा उचलणे व गटारे यांची व्यवस्था आमूलाग्र बदलली आणि पुढील काही वर्षांत हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले.

महाराष्ट्रातील पारंपरिक उपाय

जुन्या मराठी घरात उंदरांचा विचार बांधणीतच केलेला असे. दूध, लोणी, भाकरी अशा वस्तू आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यात ठेवल्या जात. मांजर व उंदीर या दोघांच्याही आवाक्याबाहेर अन्न ठेवण्याची ही सोय होती. धान्यासाठी बांबूच्या कणग्या शेण-मातीने लिंपून दगडांवर उंच ठेवत. देशावर जमिनीत पेवे खणत, तर वाड्यांतून भिंतीलगत बळदे बांधत. यांपैकी कणगी फारशी उंदीररोधक नसते. लिंपण वाळून तडकले की बांबू उघडा पडतो. पत्र्याच्या कोठ्या आल्यावर कणग्या मागे पडल्या त्याचे हे एक कारण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत भिंती कच्च्या विटांच्या असल्या तरी तळाकडील सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पक्क्या विटा वापरतात, कारण उंदीर तेथूनच पोखरतो.

कोकण व गोव्यात नारळाच्या बुंध्याला जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळतात. उंदराची नखे त्यावर ठरत नाहीत. शेजारच्या झाडाच्या किंवा छपराच्या झावळ्या टेकलेल्या नसतील तरच हा पट्टा उपयोगी पडतो. घराच्या पाइपांनाही हेच तत्त्व लागू आहे.

प्रवेशमार्ग बंद करणे

घर उंदीररोधक करण्याचे काम बाहेरून सुरू करावे लागते. पायापासून छपरापर्यंत एक फेरी मारून प्रत्येक फट तपासणे ही त्यातील पहिली पायरी. सर्वाधिक दुर्लक्षित जागा म्हणजे दाराखालची फट. उंबरठा काढून टाकण्याची पद्धत रूढ झाल्यापासून सदनिकांच्या दारांखाली एक ते दोन सेंटिमीटर अंतर राहते. त्यावर रबराची पट्टी लावली तर ती कुरतडली जाते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकणे अधिक टिकाऊ. जुना दगडी किंवा लाकडी उंबरठा हे काम आपोआप करीत असे.

मोरी व न्हाणीघरातील जाळी लोखंडी किंवा पोलादी आणि पक्की बसवलेली हवी; सैल ठेवलेली जाळी घूस ढकलून बाजूला करते. वातानुकूलन यंत्राचे नळ, पाण्याचे नळ, दूरचित्रवाणी व आंतरजालाच्या तारा भिंतीतून जेथे आत येतात ती भोके सहसा आवश्यकतेहून मोठी पाडली जातात आणि कारागीर ती कागद, कापूस किंवा फोमने बुजवतो. फोम उंदीर काही तासांत कुरतडतो. भांडी घासण्याची तारेची घासणी भोकात घट्ट दाबून वरून सिमेंट लिंपणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. ओल्या जागी साधे लोखंड गंजते, म्हणून तेथे न गंजणाऱ्या पोलादाची घासणी वापरणे योग्य. खिडक्यांना डासांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उंदराला अडवत नाही. तळमजल्यावर तारेची जाळी लागते आणि तिची छिद्रे ६ मिलिमीटरहून लहान असावी लागतात.

कौलारू घरात भिंत व छप्पर यांच्यामधील मोकळी जागा हा मोठा प्रश्न असतो. ती पूर्ण बंद केल्यास घरातील हवा व धूर अडतो, म्हणून तेथेही तारेची जाळी लावावी लागते. छपराला टेकलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या किमान एक मीटर अंतर राहील अशा छाटतात, कारण काळा उंदीर फांदीवरून छपरावर सहज उडी मारतो.

बिळे बुजवण्याआधी ती वापरात आहेत की नाहीत हे पाहण्याची सोपी रीत आहे. बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा किंवा माती सैल भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती बाहेर ढकललेली आढळल्यास बीळ चालू आहे. आत प्राणी असताना फटी पक्क्या बंद केल्या तर ते घरातच कोंडले जातात आणि भिंतीत मेल्यास आठवडाभर दुर्गंधी येते. त्यामुळे आधी पकडणे आणि लगोलग बंद करणे, असा क्रम ठेवला जातो.

चाळी व जुन्या इमारतींत एकट्या बिऱ्हाडाच्या प्रयत्नांना मर्यादा असतात. मुंबईत दोन इमारतींमधील अरुंद घरगल्लीत खिडकीतून टाकलेला कचरा साठतो, त्यातच सांडपाण्याचे नळ गळतात, आणि अन्न, पाणी व आसरा एकाच ठिकाणी मिळाल्याने उंदरांची वसाहत वाढते. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने कितीही फटी बुजवल्या तरी घरगल्ली साफ झाल्याशिवाय त्रास थांबत नाही.

अन्न व आसरा

मोठा उंदीर रोज साधारण १५ ते ३० ग्रॅम आणि घरउंदीर सुमारे ३ ग्रॅम अन्न खातो. यावरून रात्री ओट्यावर राहिलेले खरकटे, उघडी कचऱ्याची बादली, पोत्यात ठेवलेले तांदूळ, कुत्र्या-मांजरांची उरलेली वाटी यांपैकी कोणतीही एक गोष्ट लहानशा वसाहतीला पुरेशी असते हे लक्षात येते. देवघरातील नैवेद्य, तेलवात आणि साबणाची वडीसुद्धा उंदीर खातात. धान्य व डाळी पत्र्याच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवाव्या लागतात. प्लॅस्टिकचे डबे घरउंदराला काही काळच अडवतात. कबुतरांना घातलेले दाणे हा शहरातील उंदरांचा एक मोठा अन्नस्रोत आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

माळ्यावरील जुनी वर्तमानपत्रे, गाद्या आणि खोकी यांत उंदीर विणीसाठी घरटे करतात. सामान भिंतीपासून थोडे दूर आणि जमिनीपासून वर ठेवल्यास झाडणे सोपे जाते आणि भिंतीकडेची वाट उघडी पडते. उघड्यावर वावरणे उंदीर टाळतो. लेंड्या आढळल्यास त्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक द्रावणाने भिजवून, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसाव्यात, जेणेकरून दूषित धूळ श्वासावाटे जाणार नाही.

सापळे

चापाचा सापळा व तारेचा पिंजरा हे दोन प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र मिळतात. सापळा खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा लागतो. नव्या वस्तूला बिचकणाऱ्या मोठ्या उंदरांसाठी पहिले काही दिवस सापळा न लावता नुसते आमिष ठेवतात. भजी, सुके बोंबील, शेंगदाणे किंवा तुपात भाजलेली भाकरी ही आमिषे प्रचलित आहेत. एकच सापळा आठवडाभर लावण्यापेक्षा अनेक सापळे एकाच वेळी लावणे अधिक फलदायी ठरते.

उंदीर हे गणपतीचे वाहन असल्याने आणि प्राणिहत्या टाळण्याच्या भावनेने अनेक कुटुंबे पिंजऱ्यात सापडलेला ‘उंदीरमामा’ दूर नेऊन सोडतात. असा उंदीर जवळ सोडल्यास परततो किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो, आणि अनोळखी प्रदेशात दूर सोडल्यास सहसा फार काळ जगत नाही. गोंदाच्या पट्टीवर चिकटलेला उंदीर भूक, तहान व दमछाकीने तासन्‌तास तडफडत मरतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने या पट्ट्यांच्या वापराविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत.

विषे व त्यांचे धोके

विषारी आमिष हा सर्वांत सोपा वाटणारा आणि घरात सर्वांत धोकादायक असा उपाय आहे. भारतात उंदरांसाठी वापरल्या जाणाऱ्या विषांत धोक्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे, परंतु किराणा दुकानात ती सर्व ‘उंदराचे औषध’ या एकाच नावाने मागितली जातात. हा शब्दच फसवा आहे.

रक्त गोठू न देणारी विषे, उदाहरणार्थ ब्रोमॅडिओलोन, वडीच्या स्वरूपात मिळतात. उंदीर ती खाल्ल्यावर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे वसाहतीतील इतर उंदरांना संशय येत नाही. चुकून माणसाच्या पोटात गेल्यास ‘के’ जीवनसत्त्व हा उतारा उपलब्ध आहे. या गटातील पहिले प्रसिद्ध विष वॉरफरिन. त्याला दाद न देणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले आणि त्यानंतर अधिक तीव्र विषे आली. मेलेला किंवा मरणासन्न उंदीर खाल्ल्याने गव्हाणी घुबड, घारी व मांजरे यांनाही या विषांची बाधा होते. उंदरांवर जगणारे पक्षीच त्यामुळे घटतात.

झिंक फॉस्फाइड ही काळसर भुकटी पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू तयार करते. तिच्यावर उतारा नाही. पिवळा फॉस्फरस असलेला मलम त्याहून कपटी आहे. तो दातांच्या पेस्टसारख्या नळीत मिळतो आणि चुकून दात घासण्यासाठी वापरला गेल्याच्या घटना घडल्या आहेत. तो पोटात गेल्यावर सुरुवातीच्या उलट्या थांबून रुग्णाला एक-दोन दिवस बरे वाटू शकते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. म्हणून लक्षणे नसली तरी अशा व्यक्तीला लगेच रुग्णालयात नेणे आवश्यक असते. विषाचे वेष्टन सोबत नेल्यास उपचारांची दिशा ठरवणे सोपे जाते.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामांतील धान्य धुरावण्यासाठी आहेत, घरासाठी नाहीत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन सुटतो आणि भिंतींतील फटी, दारे व सामाईक पोकळ्यांतून शेजारच्या खोलीत जातो. धान्यात किंवा बिळात अशा गोळ्या ठेवल्याने त्याच रात्री शेजारी झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या घटना भारतात वारंवार घडल्या आहेत. या गोळ्यांवरही उतारा नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील आदेशांनुसार त्यांचा वापर शासकीय संस्थांना किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या परवानाधारक कीडनियंत्रकांनाच करता येतो. तरीही त्या खुल्या बाजारात सुट्या विकल्या जातात.

लोकप्रिय परंतु अपुरे उपाय

मांजर पाळल्याने घरउंदीर कमी होतात, मोठ्या उंदरांवर मात्र त्याचा विशेष परिणाम होत नाही. न्यूयॉर्कमधील एका कचरा-प्रक्रिया केंद्रातील उंदरांच्या वसाहतीवर ७९ दिवस कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवले असता भटक्या मांजरांनी केवळ दोन उंदीर मारल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. मांजर आसपास असताना उंदीर लपून राहत, एवढेच. त्यामुळे उंदीर दिसेनासे होतात आणि संपले असा समज होतो.

माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडणारी विजेची यंत्रे बाजारात मोठ्या प्रमाणावर विकली जातात. या लहरी भिंत किंवा सामान ओलांडत नाहीत आणि उंदरांना त्यांची सवय होते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना, शास्त्रीय पुराव्याशिवाय दावे न करण्याबद्दल पत्रे पाठवली होती. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचे तेल, लवंग किंवा तिखट यांचा वास उंदराला काही काळ नकोसा वाटला तरी अन्नाच्या ओढीपुढे तो टिकत नाही. डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीन काही अनुवंशिक दोष असलेल्या बालकांच्या रक्तपेशी फोडू शकते, त्यामुळे हा उपाय निरुपद्रवीही म्हणता येत नाही.

सार्वजनिक यंत्रणा

प्लेगच्या साथीतून मुंबई महापालिकेत उभी राहिलेली उंदीर-नियंत्रणाची यंत्रणा आजही कीटकनाशक विभागामार्फत चालते. पिंजरे लावणे, बिळांत विष टाकणे यांबरोबरच रात्रपाळीतील मूषक संहारक हे तिचे वेगळेपण आहे. विजेरी आणि काठी घेऊन ते गल्लीबोळांतून फिरतात. प्रत्येकाने एका रात्रीत ३० उंदीर मारून सकाळी मोजून द्यावेत अशी अट असते. हे काम जोखमीचे, दुर्गंधीत व अंधारात करावयाचे असते. परिसरात उंदरांचा उपद्रव असल्यास नागरिकांना प्रभाग कार्यालयात तक्रार नोंदवता येते. इमारतीच्या आवारातील कचरा, गळके नळ आणि तुटलेली गटाराची झाकणे यांची जबाबदारी मात्र मालक किंवा गृहनिर्माण संस्था यांच्याकडे राहते. भाडेनियंत्रणाखालील जुन्या इमारतींत दुरुस्ती कोणी करावी यावर मालक व भाडेकरू यांचे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि घरगल्ल्या तशाच राहतात.